‘तुमचे बुद्ध नेमकं सांगतात तरी काय?’ या प्रश्नाला माझं उत्तर

तासगाव भागातली एक मुलगी कॉलेजसाठी सांगलीत हॉस्टेलवर राहते. तिचा प्रश्न थोडक्यात असा: “पणजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमचं घर बौद्ध आहे. त्रिसरण-पंचशील मला तोंडपाठ आहे. परवा रूममेटने विचारलं, तुमचे बुद्ध नेमकं सांगतात तरी काय? मी पंचशील म्हणून दाखवलं आणि पुढे गप्प बसले. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून ते घर सोडून गेले हे खरं का? सगळं दुःखच आहे असं ते म्हणतात का? आणि आत्माच नाही तर पुनर्जन्म कुणाचा?”

मी सांगलीत सत्तावीस वर्षं बौद्धाचार्य म्हणून काम करतो. नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन हे विधी करतो, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन करतो, रविवारी मुलांना पाली शिकवतो. या पावसाळी महिन्यांना वर्षावास म्हणतात, आणि हे प्रश्न दर वर्षावासात कुणीतरी विचारतंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळ, तू गप्प बसलीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. अडीच हजार वर्षांपूर्वी राजगृहाच्या रस्त्यावर अगदी हाच प्रश्न अश्वजित नावाच्या भिक्खूला विचारला गेला होता. पालीत त्याचं नाव अस्सजि. बुद्धांचं पहिलं प्रवचन ऐकलेल्या पाच जणांपैकी तो एक. सकाळी भिक्षेला निघालेला. त्याचं शांत चालणं-वागणं उपतिस्स नावाच्या तरुणाने पाहिलं आणि तो त्याच्या मागे मागे गेला. भिक्षा आटोपेपर्यंत थांबला, मग विचारलं, तुमचे गुरू कोण आणि ते काय सांगतात? अश्वजित म्हणाला, मी या धम्मात नवा आहे, विस्ताराने सांगणं मला जमणार नाही, पण सार सांगतो. उपतिस्स म्हणाला, थोडं सांगा की फार सांगा, मला अर्थ हवा आहे. तेव्हा अश्वजितने एवढंच सांगितलं:

ये धम्मा हेतुप्पभवा, तेसं हेतुं तथागतो आह;
तेसञ्च यो निरोधो, एवंवादी महासमणो.

ज्या ज्या गोष्टी कारणातून जन्मतात, त्यांचं कारण तथागतांनी, म्हणजे बुद्धांनी, सांगितलं आहे. त्या कशा थांबतात तेही सांगितलं आहे. महाश्रमणांचं म्हणणं हे असं आहे.

हाच उपतिस्स पुढे सारिपुत्त झाला, बुद्धांचा सर्वांत बुद्धिमान शिष्य. ही गाथा पुढे शतकानुशतकं मातीच्या मुद्रांवर, मूर्तींच्या पायथ्याशी कोरली गेली. इथे मुलं हमखास एका शब्दावर घसरतात. आज मराठीत ‘हेतू’ म्हणजे मनातला उद्देश. पालीत हेतू म्हणजे कारण, ज्यामुळे एखादी गोष्ट घडते ते. हा शब्द नीट धरलास तर चार आर्यसत्यं, अनात्म (कायमचा आत्मा नाही हे म्हणणं), शील, सगळं एका दोऱ्यात येतं. याचंच आणखी छोटं रूप सुत्तांत, म्हणजे बुद्धांच्या प्रवचनांत, आहे: इमस्मिं सति इदं होति. हे असलं की ते होतं. हे नसलं की ते होत नाही. मला कुणी बुद्धांची सगळी शिकवण एका वाक्यात मागितली तर मी हेच वाक्य देतो.

आता घर सोडण्याचा प्रश्न.

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशा चार दृश्यांची गोष्ट आपण कॅलेंडरवर, शाळेच्या पुस्तकात पाहत आलोय. त्रिपिटकात, म्हणजे आपल्या मूळ पाली ग्रंथांत, ती येते, पण विपस्सी नावाच्या प्राचीन बुद्धांची म्हणून. सिद्धार्थ गौतमाच्या चरित्राला ती पुढच्या काळात जोडली गेली. अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः सांगतात ते निराळं आहे. ते म्हणतात, केस काळे होते, ऐन तारुण्य होतं, आईवडील नको म्हणत होते, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी मुंडण करून घराबाहेर पडलो. म्हणजे मध्यरात्री सगळे झोपलेले असताना गुपचूप निघून जाणं यात नाहीच. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींनी हे मराठी वाचकांपुढे फार स्पष्ट मांडलं. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या सुरुवातीलाच विचारलंय की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे पटण्यासारखं आहे का.

मग कारण काय? सुत्तनिपातात अत्तदण्ड सुत्त आहे. त्यात बुद्ध म्हणतात, दंड हाती घेण्यातून भय जन्मलं. आणि पुढे:

फन्दमानं पजं दिस्वा, मच्छे अप्पोदके यथा;
अञ्ञमञ्ञेहि ब्यारुद्धे, दिस्वा मं भयमाविसि.

थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं तडफडताना पाहिली, एकमेकांच्या उरावर उठलेली पाहिली, आणि मला भीती वाटली.

तू तासगावकडची आहेस, तुला हे समजावून सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यात जत, कवठेमहांकाळकडच्या एखाद्या पाझर तलावाच्या काठी उभं राहा. मधे गुडघाभर गढूळ पाणी उरलेलं असतं, त्यात मासे एकमेकांवर चढत असतात, पाठी उघड्या पडलेल्या, वर बगळे टपलेले. पाणी जितकं आटतं तितकी त्यांची झोंबाझोंबी वाढते. त्यातला एकही मासा दुसऱ्याचा शत्रू नसतो. पाणी कमी झालंय, एवढंच कारण.

शाक्य आणि कोलीय या शेजारच्या दोन गणांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेलं भांडण अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, वाचलं की मला दरवेळी आपल्याकडची पाण्याची पाळी आठवते. जेठ महिना, पिकं माना टाकायला लागलेली. नदीवर बांध घातलेला, दोन्ही काठांवर दोघांची शेती. एका बाजूचे मजूर म्हणाले, हे पाणी दोघांना पुरणार नाही, आमचं पीक एका पाण्यावर निघेल, आम्हाला घेऊ द्या. दुसरेही तेच म्हणाले. शब्दाला शब्द वाढला, कुळांचे उद्धार झाले. मजुरांकडून गोष्ट अधिकाऱ्यांकडे, तिथून सरदारांकडे गेली आणि दोन्हीकडून शस्त्रं बाहेर आली. बुद्ध मधे आले आणि विचारलं, भांडण कशावरून? वर बसलेल्यांना सांगताच येईना. राजाने सेनापतीला विचारलं, त्याने खालच्याला, असं विचारत विचारत ते पुन्हा मजुरांपर्यंत आलं. “पाण्यावरून, महाराज.” मग बुद्धांनी विचारलं, पाण्याचं मोल किती आणि माणसाचं किती?

अट्ठकथेत हा प्रसंग बुद्धत्वानंतरचा आहे. बाबासाहेबांनी रोहिणीचा वाद गृहत्यागाच्या आधी ठेवला: शाक्यांच्या संघाने, म्हणजे गणाच्या सभेने, युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यापायी त्याला घर सोडावं लागलं. तुला मैत्रिणीला सांगायचं असेल तर ही सगळी रूपं सांग, लपवू नकोस. माझं स्वतःचं मत विचारशील तर मी अत्तदण्ड सुत्ताच्या बाजूने आहे, कारण तिथे बुद्ध स्वतःबद्दल बोलतात आणि त्यांना हलवणारी गोष्ट स्वतःचं म्हातारपण नसून माणसांचं एकमेकांशी भांडणं ही आहे. आणि भांडणाकडे पाहून त्यांनी दोषी कोण हे विचारलं नाही, कारण काय हे विचारलं. पुढची सगळी शिकवण याच सवयीची आहे.

बुद्धांचा जन्म लुंबिनीचा, आजच्या नेपाळात. पारंपरिक हिशेबाने इसवी सनपूर्व ५६३. बरेच अभ्यासक हा काळ सुमारे शंभर वर्षं अलीकडे आणतात. जागेबद्दल मात्र वाद नाही. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर सम्राट अशोक स्वतः तिथे आला आणि त्याने स्तंभ उभा केला. त्यावर आजही वाचता येतं, ‘हिद बुधे जाते सक्यमुनीति’, इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. त्या गावाचा कर त्याने कमी करून आठव्या हिश्श्यावर आणला, हेही त्याच लेखात आहे. आई महामाया सात दिवसांत गेली, मावशी महाप्रजापती गौतमीने वाढवलं. पुढे भिक्षुणी संघ सुरू झाला तो हिच्याच हट्टाने.

तो काळच मोठ्या उलथापालथीचा होता. गंगेच्या खोऱ्यात लोखंड, भातशेती, व्यापार, नाणी, नवी शहरं. मगध आणि कोसलसारखी राज्यं वाढत होती, शाक्य-वज्जींसारखी गणराज्यं आक्रसत होती. यज्ञ आणि जन्माची उतरंड न मानणारे श्रमण गावोगाव फिरत होते. वर्धमान महावीर त्यातलेच, बुद्धांचे समकालीन. सांगलीत राहतेस म्हणजे तुझ्या जैन मैत्रिणी असतीलच. त्यांच्या आणि आपल्या बोलण्यात श्रमण, निर्वाण, शील हे शब्द सारखे येतात ते उगाच नाही. दोन्ही एकाच मातीतून उगवलेत.

एकोणतिसाव्या वर्षी घर सोडलं. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यान शिकले. मग सहा वर्षं देह वाळवला, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागावा इतका. त्यातूनही उत्तर मिळेना तेव्हा अन्न घेतलं आणि निरंजना नदीच्या काठी, उरुवेलेला पिंपळाखाली बोधी मिळाली. वय पस्तीस. यातूनच मध्यम मार्ग आला, आणि इथे मी तुला मिरजेला नेतो.

मध्यम मार्ग म्हणजे ‘थोडं हे, थोडं ते’ असं लोक धरून चालतात. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट वाच. चंक्रमण, म्हणजे ध्यानाच्या येरझारा, करून करून त्याचे पाय फुटले, वाट रक्ताने माखली, तरी काही साधेना. घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. बुद्ध त्याच्याकडे गेले आणि विचारलं, सोण, तू घरी असताना वीणा छान वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागायचा? नाही. फार सैल सोडल्या तर? नाही. मिरजेत सतारमेकरांकडे जाऊन तंबोरा लावताना बघ. कारागीर खुंटी पिळतो, कान लावतो, मणी केसभर खाली सरकवतो, पुन्हा ऐकतो. ताणाच्या दोन टोकांची सरासरी तो काढत नाही. त्या तारेचा, त्या भोपळ्याचा सूर जिथे आहे तिथे तो थांबतो. मध्यम मार्ग असा ऐकून लावायचा असतो.

(या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते तंतुवाद्यांकडे वळले. ‘दंड हाती घेण्यातून भय जन्मलं’ ही ओळ शिकवताना मला ते लोक नेहमी आठवतात.)

आता दुःख. पहिलं प्रवचन सारनाथला झालं आणि त्यात चार आर्यसत्यं आली: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, थांबवण्याचा मार्ग आहे. अश्वजितच्या गाथेशी ताडून बघ, तेच आहे. पण बहुतेकांच्या डोक्यात पहिलाच शब्द राहतो आणि ‘बुद्ध म्हणजे सगळं दुःख’ असं होऊन बसतं. तसं ते म्हणत नाहीत. जगात गोडी नसती तर माणसं जगाला चिकटलीच नसती, असं सुत्तात स्पष्ट आहे. अनाथपिंडिक नावाच्या गृहस्थ उपासकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: स्वतःच्या कष्टाचं असण्याचं सुख, ते उपभोगण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख आणि निर्दोष वागण्याचं सुख. ऊस आणि द्राक्षाच्या मुलखात कर्ज नसण्याचं सुख म्हणजे काय ते तुझ्या वडिलांना विचार.

दुःखात काय काय येतं? जन्म, जरा, व्याधी, मरण, नको त्याची गाठ पडणं, हव्या त्याची ताटातूट, इच्छिलेलं न मिळणं. यातलं बरंचसं चुकत नाही. पण सल्लत्थ सुत्तात दोन बाणांचा दाखला आहे. माणसाला एक बाण लागतो आणि लगेच दुसरा लागतो. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मन जे करतं त्याचा. शिकलेल्या श्रावकाला, म्हणजे शिष्याला, पहिलाच लागतो.

हे सुत्त मी वीस वर्षं शिकवत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली आणि आमच्या घरात पाणी शिरलं. माणसं वेळेत निघाली. माझी पाली टिपणांची लोखंडी ट्रंक खालीच राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर वह्यांची एक वीट झालेली. निळी शाई पानांतून पसरून कडेला गाळात मिसळली होती. पानं सुटी करायला गेलो की हातात लगदा यायचा. बायकोने गच्चीवर दोरी बांधून जी चार पानं निघाली ती वाळत घातली. हा पहिला बाण. तो पुराचा होता आणि त्याचा त्रास चार दिवसांचा होता. पण पुढचे चार महिने मी रोज रात्री एकच गोष्ट घोळवत होतो: ट्रंक माळ्यावर का ठेवली नाही, पोराने आठवण का केली नाही. घरात सगळ्यांवर चिडत होतो. एके दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, पाणी कधीच गेलं.” दुसरा बाण कोण मारतंय ते मला त्या दिवशी दिसलं.

त्याचं कारण बुद्ध सांगतात तण्हा. संस्कृतात तृष्णा, आणि आपली ‘तहान’ त्या तण्हेतूनच आलेली. हवंय, असंच राहायला हवंय, हे नकोच होतं, अशा तिन्ही तऱ्हांची तहान. माझी तिसऱ्या तऱ्हेची होती. झालेलं होऊन गेलेलं असताना ते नको होतं म्हणत बसणं. निर्वाण म्हणजे विझणं. काय विझतं? सुत्तात सरळ उत्तर आहे: राग म्हणजे आसक्ती, द्वेष आणि मोह यांचा क्षय. हे विझणं मेल्यानंतरचं नाही, बुद्धांना ते पस्तिसाव्या वर्षी साधलं आणि पुढची पंचेचाळीस वर्षं ते चालत राहिले, शिकवत राहिले, आजारी पडले, शिष्यांची भांडणं सोडवत राहिले.

अष्टांगिक मार्ग तुला पाठ आहे: सम्यक दृष्टी, संकल्प, वाणी, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती, समाधी. दोन शब्द मात्र नीट करून घे. व्यायाम म्हणजे जोरबैठका नव्हेत, प्रयत्न. आणि समाधी म्हणजे चौथऱ्यावर बांधतात ती नव्हे, मन एका जागी स्थिर होणं.

पंचशील तू म्हणून दाखवलंस, त्यातच तुझं अर्धं उत्तर होतं. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’. सिक्खापद म्हणजे शिकण्याचं पाऊल. समादियामि म्हणजे मी होऊन उचलतो. यात आज्ञा देणारा कुणी नाही, शिक्षा करणाराही नाही. जीवहिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं, नशा यांपासून दूर राहण्याचं शिक्षण मी स्वतः पत्करतो. का? कारण कारणाचा नियम. धम्मपदाची पहिलीच गाथा म्हणते की दूषित मनाने बोललं, वागलं तर दुःख मागोमाग येतं, ‘चक्कंव वहतो पदं’, ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागे चाक यावं तसं. कारखान्याच्या रस्त्याला ऊस भरलेली गाडी बघितलीस ना? बैल थांबला तरच चाक थांबतं. चाकाला कुणी हुकूम करत नाही.

आणि जात. रूममेटने हे विचारलं नसेल, पण कधीतरी विचारेल. ‘न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो’, जन्माने कुणी नीच होत नाही, जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो. हेही कारणाचंच बोलणं आहे: माणसाच्या लायकीचं कारण जन्म हे नव्हेच. शाक्य राजपुत्र संघात आले तेव्हा त्यांच्या न्हाव्याला, उपालीला, त्यांच्याआधी दीक्षा दिली गेली, म्हणजे रीतीप्रमाणे त्यांना त्याच्यापुढे वाकावं लागावं. राजपुत्रांनीच ते मागून घेतलं, आपला अभिमान मोडावा म्हणून. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती, म्हणजे भिक्खूंची सभा, भरली, तेव्हा विनय, म्हणजे संघाचे नियम, कुणी सांगितला? उपालीने. धम्म आनंदाने सांगितला.

आपल्या भागात ही गोष्ट आणखी जवळची आहे. भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झाले. पुढच्या वर्षी भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले, मसूर स्टेशनला उतरले. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालला. डब्यात खाणं होतं, पण प्यायला पाणी कुणी दिलं नाही, म्हणून मुलं उपाशीच झोपली. त्या मुलाने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांसह हा धम्म घेतला. तुझे पणजोबा त्याच लाटेतले.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न, आत्मा. पुन्हा मिरजेला चल, कारण बुद्धांनीच इथे वीणेचा दाखला दिलाय. एका राजाने कधी वीणा ऐकली नव्हती. आवाज ऐकून वेडा झाला, म्हणाला तो आवाज मला आणून द्या. वीणा आणली. वीणा नको, आवाज हवा. लोकांनी सांगितलं, महाराज, खोका आहे, कातडं आहे, दांडी आहे, तारा आहेत, वाजवणाऱ्याचे कष्ट आहेत, सगळं मिळून आवाज होतो. राजाने वीणेचे शंभर तुकडे केले, जाळली, राख वाऱ्यावर उडवली. आवाज सापडला नाही.

रविवारच्या मुलांना घेऊन मी एकदा मिरजेच्या एका कारखान्यात गेलो होतो. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होता. घोडीवर बारीक कानस फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. मग त्याने तारेखाली सुताचा एक धागा सरकवला. बंद वाटणारा सूर एकदम उमलला, खोली भरून गेली. एका मुलाने विचारलं, “आवाज भोपळ्यात आहे की तारेत?” कारागीर काही बोलला नाही. त्याने धागा काढला, सूर मिटला. धागा ठेवला, सूर उमलला. इमस्मिं सति इदं होति. मी त्या दिवशी वर्गात पुढे काही शिकवलं नाही.

‘मी’ हा तसा आहे. रूप म्हणजे शरीर, वेदना, संज्ञा म्हणजे ओळखणं, संस्कार म्हणजे मनाच्या घडलेल्या सवयी, आणि विज्ञान म्हणजे जाणणं. हे पाच स्कंध मिळून तू बोलतेस, हसतेस, परीक्षेला घाबरतेस. तू खोटी आहेस असं बुद्ध म्हणत नाहीत, सूर खोटा नसतोच. पाचांच्या आत बसलेला, न बदलणारा, वेगळा काढता येणारा कुणी नाही, एवढंच म्हणतात.

मग पुनर्जन्म कुणाचा? साति नावाच्या भिक्खूला वाटायचं की तेच विज्ञान या जन्मातून त्या जन्मात धावत जातं. बुद्धांनी त्याला सगळ्यांसमोर खोडून काढलं, विज्ञानही कारणाशिवाय होत नाही म्हणून. नागसेन नावाच्या ज्येष्ठ भिक्खूंनी मिनांडर (मिलिंद) या ग्रीक राजाला दिव्याचा दाखला दिला. एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात गेलं का? नाही. पण पहिला नसता तर दुसरा लागला असता का? तोच नाही, परकाही नाही. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ मानणारी, परंपरा याच्या आधारे जन्मांची साखळी मानते. बाबासाहेबांनी वेगळा अर्थ केला: शरीरातली द्रव्यं आणि ऊर्जा निसर्गात परत मिसळतात आणि पुन्हा जुळून येतात, तोच पुनर्भव, आत्म्याचा नव्हे. आपल्या घरांत दुसरा अर्थ शिकवला जातो, मीही तोच शिकवतो. दोन्हीकडे आत्म्याला जागा नाही, हे मैत्रिणीला ठामपणे सांग.

एक सावधगिरी. कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी दिलेला उपदेश हल्ली सगळे अर्धाच सांगतात: परंपरेने आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. पुढचा अर्धा भाग असा आहे की जे वागणं तुमच्या आणि इतरांच्या अहिताचं आहे, जाणते लोक ज्याला नावं ठेवतात, असं तुम्हालाच कळून आलं की ते सोडा. जे हिताचं कळलं ते अंगीकारा. म्हणजे पटतं ते घ्यायचं अशी मोकळीक नाही. तपासायचं, आणि तपासून वागायचं.

पुढचा इतिहास वाचायला तुझ्यापुढे आयुष्य आहे: वैशाली आणि पाटलिपुत्राच्या संगीती, श्रीलंकेत त्रिपिटक लिहिलं जाणं, महायान, वज्रयान. एकच गोष्ट सांगतो, कारण ती घरची आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, करहकटच्या निगमाने, म्हणजे नगराने, दान दिलं. करहकट म्हणजे आपलं कराड. कोकणात कुड्याच्या लेण्यात करहाकडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणं दान दिल्याचा लेख आहे. आणि कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. त्या जुन्या लेण्यांत तुला बुद्धमूर्ती सापडणार नाही. स्तूप आहे, भिक्खूंच्या खोल्या आहेत. त्या काळी लोक चक्रापुढे आणि स्तूपापुढे हात जोडत. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मूर्ती नाही म्हणून मला चुकल्यासारखं झालं होतं. आता तिथे गेल्यावर महापरिनिर्वाणापूर्वी आनंदाला सांगितलेलं वाक्य आठवतं: मी गेल्यावर धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, म्हणजे गुरू.

मैत्रिणीने परत विचारलं तर अश्वजितसारखी सुरुवात कर. मी नवी आहे, विस्ताराने नाही, पण सार सांगते. मग ती गाथा आणि तिचा अर्थ. तिने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर थोड्या पाण्यातले मासे सांग. ‘मी’बद्दल विचारलं तर दोघी मिळून मिरजेला जा. सांगलीहून ते जवळच आहे, कुठलाही कारागीर जवारी दाखवायला नाही म्हणत नाही.

वर्षावास सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन आगाशिवला जातो. कराडला उतरून जखिणवाडीकडून चढायचं, ऊन व्हायच्या आत. तुम्ही दोघी या. पाण्याची बाटली आणि बॅटरी आणा. आतल्या खोल्यांत भिक्खूंचे दगडी ओटे आहेत, ते उजेडाशिवाय दिसत नाहीत.